गाडी चालू होत नाहीये? आधी सांगा, सेल्फ फिरतोय का?

सोसायटीत कुणाचीही स्कूटर अडली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. कारण सेल्फच (बटण दाबल्यावर इंजिन फिरवणारी मोटर) न फिरणं आणि सेल्फ फिरूनही गाडी न पकडणं हे दोन पूर्ण वेगळे प्रॉब्लेम आहेत, आणि लोक दोन्हीला "चालू होत नाही" एवढंच म्हणतात, मग कुणी उगाच नवी बॅटरी घालून येतं तर कुणी स्पार्क प्लग खराब असताना बॅटरी बसेपर्यंत बटण दाबत राहतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पाच मिनिटं नीट बघितलं तर निम्मे खर्च वाचतात.

आधी सेल्फचं बघू. बटण दाबलं आणि काहीच आवाज नाही. ब्रेक दाबल्याशिवाय गिअरलेस गाडी सेल्फ घेत नाही हे सगळ्यांना माहितीये, पण गाडीला ब्रेक दाबलाय हे कळतं ते लिव्हरपाशी असलेल्या छोट्या स्विचमुळे, आणि पावसाळ्यात पाणी-चिखल जाऊन तोच आधी जातो. चावी ऑन करा, ब्रेक दाबा आणि कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागतोय का विचारा. लागत नसेल तर दुसरा ब्रेक दाबून सेल्फ मारा, बऱ्याच गाड्या लगेच चालू होतात. हे काम किरकोळ आहे, यासाठी कुणी बॅटरी बदला म्हणालं तर ऐकू नका. नवीन गाड्यांमध्ये साइड स्टँड खाली असला तरी इंजिन चालू होत नाही, तेही एकदा बघून घ्या.

नुसतं टक टक वाजत असेल, हॉर्न बसल्यासारखा येत असेल तर मात्र बॅटरी उतरलीय. किक असेल तर किकने चालू करा आणि मग बॅटरीला मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, आणि गाडी चालू करून थोडी रेस दिली की आकडा 14 च्या आसपास जायला पाहिजे. गाडी चालू असूनही तो 12 वरच अडकला असेल तर बॅटरी चार्जच होत नाहीये, नवी घातली तरी काही दिवसांत तीही बसणार, तेव्हा आधी चार्जिंग तपासून घ्या. टर्मिनलवर पांढरी पावडर जमलेली असेल तर टर्मिनल काढून (आधी निगेटिव्ह) जुन्या टूथब्रशने साफ करा, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

आता सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी पकडत नाही. इथे गाडी कुठली ते महत्त्वाचं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) स्कूटर जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे पेट्रोल इंजेक्टरने फवारलं जातं, त्यांना चोक (गार इंजिन चालू करायला जादा पेट्रोल देणारा खटका) नाही. चावी ऑन केल्यावर सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक आवाज येतो तो फ्युएल पंपाचा, तो थांबू द्या आणि मग सेल्फ मारा. आवाजच नसेल तर आधी फ्यूज बघा. आणि एक, चेतकच्या जमान्यापासून आपल्याकडे गाडी तिरकी करून मग किक मारायची सवय आहे, ती या गाड्यांना अजिबात लावू नका, काहीच फायदा नाही. उलट बऱ्याच गाड्यांत पडल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, गाडी आडवी झाली की तो इंजिन बंद करतो, मग उभी करून चावी एकदा ऑफ-ऑन केल्याशिवाय ती चालू होत नाही. पडलेल्या गाडीला लोक घाबरून सेल्फ मारत बसतात ते याचमुळे.

जुनी, कार्ब्युरेटरवाली असेल तर प्लग काढून बघा, प्लग जेवढं सांगतो तेवढं दुसरं काहीच सांगत नाही. इंजिन गार असताना काढा. टोक कोरडं असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये. ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण स्पार्क नाही, किंवा गाडी ओव्हर झालीय (इंजिनात जास्त पेट्रोल गेलंय), अशा वेळी प्लग पुसून लावा, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि किका मारा. काळाकुट्ट कोरडा कार्बन असेल तर एअर फिल्टर चोंदलाय किंवा चोक अडकलाय, नुसता प्लग घासून ते परत परत होणार. फिकट तपकिरी असेल तर प्लगला हात लावू नका, तो छान आहे. परत बसवताना आधी हाताने फिरवा, आटे बसल्यावरच पाना लावा, प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की खर्च मोठा.

एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. गाडी छान चालते, थोड्या वेळाने आचके देत बंद पडते, जरा थांबलं की परत चालू. टाकीच्या झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं ते धुळीने बुजलं की आत व्हॅक्यूम तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, फुस्स आवाज आला आणि लगेच गाडी पकडली तर चोर सापडला.

रस्त्यावर पाणी साचलंय आणि सायलेन्सर बुडून गाडी बंद पडली तर मात्र सेल्फ नको, किक नको, काहीच नको. ढकलत बाजूला घ्या. इंजिनात पाणी गेलं असेल आणि तुम्ही ते जबरदस्तीने फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर बघायचा, ऑइल दुधी झालं असेल तर बदलायचं आणि मगच चालू करायची, आणि हे काम सरळ गॅरेजमध्येच करून घ्या.