तीनदा अलाइनमेंट केली, वाकली होती नकल

फेब्रुवारीत अक्कलकोटहून रात्री परतताना डावं पुढचं चाक खड्ड्यात दणकून आपटलं. रिम बदलली, तरी गाडी डावीकडे ओढायची थांबेना. तीनदा अलाइनमेंट केली, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले. टो (वरून बघताना चाकांची दिशा) जमायचा, पण डाव्या चाकाचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) तिरकाच. एकाने शॉकअप बदलायला लावला, तेही पैसे गेले.

शेवटी ओळखीचे मेस्त्रीमामा म्हणाले, "शॉकअप नवा, लोअर आर्म सरळ. मग राहिलं काय? नकल बघ." नकल म्हणजे स्टिअरिंग नकल (knuckle). चाक ज्यावर बसतं तो हब, ब्रेक, स्टिअरिंगचा टायरॉड, शॉकअप, खालचा लोअर आर्म सगळं जिथे येऊन जुळतं, तो हा ओतीव भाग.

मे महिना, त्यात सोलापूरचं ऊन. सकाळी सहालाच विजापूर रोडवर घरासमोर काम काढलं, मामा शेजारी. चाक जमिनीवर असतानाच चाकामधला एक्सल नट सैल केला, मग जॅक आणि टेकूची घोडी. ब्रेकचा कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधला. ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही. टायरॉड पुलरने सुटला, एबीएस सेन्सरही निघाला.

अडलं लोअर आर्म नकलेला जोडणाऱ्या बॉल जॉइंटच्या बोल्टवर. हा बोल्ट जॉइंटच्या दांड्याच्या खाचेतून आडवा जातो, त्यामुळे नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. मी हातोडा उचलला तसा मामांनी हात धरला. "तुटला तर जॉइंट आतच अडकंल, आर्मसकट उतरवावं लागंल." गंजावर तेल सोडलं, चहा घेतला, पुन्हा तेल. मग जरासा आवळून, जरासा उलटा फिरवून, पाव-पाव आटा. तासाभराने निघाला, तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

गोणपाटावर जुनी आणि नवी नकल शेजारी ठेवून शॉकअप जिथे बसतो त्या कानांवर लोखंडी पट्टी धरली. नवीवर चपखल. जुनीवर एका टोकाला नख जाईल एवढी फट! तीन महिने मी तेवढ्याशा फटीसाठी झुरत होतो.

चाकाचं नवं बेअरिंग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे प्रेसवर बसवून घेतलं. नकलेत बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर, हब घालताना आधार आतल्या कड्याला. नाहीतर सगळा दाब गोळ्यांवर येतो आणि नवं बेअरिंगही आवाज करायला लागतं. एक्सल नट नवा घेतला, आणि तो पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर भार टाकला नाही. ब्रेकचं पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं.

संध्याकाळी चौथी अलाइनमेंट. दोन्ही बाजूंचा कॅम्बर जवळजवळ सारखा. तुळजापूर रोडला स्टिअरिंगवरची पकड सैल केली, गाडी सरळ धावत राहिली.