ढलप्या नत्र खातात का?

माझी द्राक्षबाग पाहायला येणारे बहुतेक जण बोदावरच्या, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंच वरंब्यावरच्या, लाकडाच्या ढलप्या पायाने उकरतात आणि एकच प्रश्न विचारतात : हे लाकूड कुजताना वेलीच्या वाट्याचे नत्र खात नाही का? तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

खाते, पण ढलप्या मातीत कालवल्या तर. लाकडात नत्राच्या शेकडो पट कर्ब असतो. तो पचवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशींना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते व ते भोवतालच्या मातीतून उचलले जाते. ढलप्या नुसत्या वर पसरल्या, तर ही ओढाताण त्या मातीला जिथे टेकतात तेवढ्या पातळ थरापुरती राहते. पहिल्या वर्षी दोन ओळींमध्ये मी त्या शेणखताबरोबर चरात गाडल्या होत्या. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या मोठ्या छाटणीनंतर, त्या दोन ओळींची नवी फूट फिकट आणि आखूड पेऱ्यांची निघाली. दोष द्यायला दुसरे कोणी नव्हतेच.

खरा उपयोग एप्रिल-मेमध्ये कळतो. खरड छाटणीने वेल बोडकी झालेली असते, नाशिककडचे ऊन थेट बोदावर पडते आणि छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होत असताना पाण्याचा ताण परवडत नाही. भर दुपारी ढलप्या बाजूला सारल्या, तर खालची माती हाताला गार लागते आणि पांढरी मुळी अगदी वरपर्यंत आलेली दिसते. उघड्या बोदावर ड्रीपरभोवती तोवर क्षारांची पांढरट कडा धरलेली असते.

खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवीला आयता आडोसा मिळतो. घरच्याच काड्यांचे तुकडे करणार असाल, तर करपा (बुरशीजन्य रोग) आलेल्या काड्या आधी वेचून बागेबाहेर न्याव्यात.

राहिला हिशेब. नऊ फुटांवर ओळी असलेल्या एकरात सुमारे ४,८४० फूट लांबीचे बोद भरतात. ३ फूट रुंदीवर ३ इंचांचा थर द्यायचा, तर ३,६३० घनफूट ढलप्या लागतात. घरच्या काड्यांतून एवढ्या निघत नाहीत, आणि वखारीतून आणायच्या तर मालापेक्षा भाडेच जड होते. त्यामुळे मी सगळी बाग झाकत नाही. मुरमाड उतारावरच्या ज्या सहा ओळी मे महिन्यात सर्वांत आधी माना टाकतात, तेवढ्याच झाकतो. खालच्या काळ्या, भारी जमिनीतील ओळी उघड्याच ठेवतो, कारण पावसाळ्यात तिथे वाफसा (जास्तीचे पाणी निघून उरणारी बेताची ओल) यायला मुळातच उशीर लागतो.