ब्लूज, क्रमांक शून्य

परवा दुपारी जेवण झाल्यावर सहज कॉम्प्युटर उघडला, तर जयपूर घराण्याचे गवई मल्लिकार्जुन मन्सूर 'ब्लूज'मध्ये बसलेले. शेजारी केसरबाई केरकर. त्याही ब्लूज.

ही चूक कुणी मुद्दाम केलेली नसते. एमपीथ्री फाइलच्या शेपटाला जुन्या पद्धतीची १२८ बाइटांची चिठ्ठी असते. त्यात नावाला तीस अक्षरं, गायकाला तीस, सालाला चार आणि संगीतप्रकाराला एक आकडा. प्रकारांची मूळ यादी ऐंशीची. तीत पोल्का आहे, ख्याल नाही. शून्य क्रमांकाला ब्लूज. ज्यानं रकान्यात काही भरलं नाही आणि नुसतं शून्य राहू दिलं, त्याचे बुवा थेट अमेरिकेला.

म्हटलं, आज सगळं लावूनच टाकू. पण मन्सूरमध्ये यू घालायचा की दोन ओ, मल्लिकार्जुनच्या शेवटी ए आहे की नाही, यावरून कॉम्प्युटरनं एका मन्सूरअण्णांचे चार अण्णा केलेले. मराठीत लिहावं तर जुन्या प्लेअरवर नुसती प्रश्नचिन्हं. मग रागांकडे वळलो आणि तिथं पुरताच अडकलो. बसंती केदार 'ब'मध्ये की 'क'मध्ये? संपूर्ण मालकंस मालकंसाच्या घरात ठेवावा, की त्याचा वेगळा संसार मांडून द्यावा? जयपूर घराण्याचे जोडराग ऐकणाऱ्यानं कपाटं लावायच्या फंदात पडू नये.

आमच्या वडिलांची, आप्पांची यादी सोपी होती. कॅसेटच्या कागदावर निळ्या शाईत 'बिहागडा – मन्सूर – त्या दिवशी लाईट गेले नाहीत' एवढंच. रकाने कुठले आलेत!

शनिवारी रात्री आकाशवाणीवर राष्ट्रीय संगीत कार्यक्रम असायचा. आप्पा साठच्या कोऱ्या कॅसेटचं प्लॅस्टिक दातानं फाडून तयार. आई भांडी आवाज न करता घासायची, म्हणजे निदान तसा प्रयत्न करायची. मी घड्याळावर. एका बाजूला तीस मिनिटं. सव्वीस झाली की मी बोटं दाखवायचो, आणि आप्पा रेकॉर्डरवर मांजरासारखे दबा धरून बसायचे. खटॅक! काढ, उलट, घाल, दोन्ही बटणं एकदम दाब. मन्सूर काही थांबायचे नाहीत. दहा-बारा सेकंदांत एखादी तान निघून जायची. "गेली की रं!" आप्पा म्हणायचे, एसटी चुकल्यासारखं.

त्या कॅसेटी मी डेकची वायर लावून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. दोन बाजू जोडल्या, खरखर थोडी कमी केली. खटॅक मात्र काढवेना. एकदा काढून बघितला, तर समेवर कुणी तरी जागेवरून उठून गेल्यासारखं वाटलं. आता दुसऱ्या कुठल्या मैफलीतला बिहागडा सलग, स्वच्छ ऐकला तरी तिसाव्या मिनिटाला कान टवकारतात. खटॅक येत नाही आणि मला उगाच फसवल्यासारखं वाटतं.

तर घराण्याप्रमाणे फोल्डर केले. अर्थात पहिला जयपूर घराण्याच्या मूळपुरुषाचा, अल्लादियाखाँसाहेबांचा. कोल्हापुरात देवल क्लबजवळच्या त्यांच्या पुतळ्यावरून भाजीची पिशवी घेऊन किती वेळा गेलोय, गणती नाही. शाहू महाराजांच्या दरबारातला हा माणूस, आमच्याच गावात राहिलेला. फोल्डरला नाव दिलं आणि मग लक्षात आलं, यात टाकायला काही नाही. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, खाँसाहेब गेले १९४६ साली. चव्वेचाळीस वर्षं यंत्र होतं आणि गळा होता. बाजारात त्यांची एकही तबकडी आली नाही.

आणि मी त्या दहा सेकंदांचं घेऊन बसलोय.

चहा झालाय म्हणून आतून दोनदा हाक आली. फोल्डर तसाच ठेवला, रिकामा. मन्सूरही राहिले ब्लूजमध्येच. पुढच्या रविवारी बघू.