पिशवी

आज ऊसतोडीच्या फडावर तपासणीला गेले होते. कोपीबाहेर एक ताई भाकऱ्या थापत होती. वय विचारलं, तर म्हणाली, "तीस असंल. पिशवी काढून सहा वर्सं झाली." पिशवी म्हणजे गर्भाशय. माझी धाकटी बहीण याच वयाची आहे.

पाळीत पोट दुखायचं, खाडा पडला की मुकादम पैसे कापायचा. डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली.

२०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. याला मी आजार कसा म्हणू?

फडावर संडास नाही. उचल, म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे, फिटेपर्यंत सुट्टी नाही. मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. तिने त्या पदराला बांधल्या आणि विचारलं, "कंबरंला काय हाय का, ताई?"