उपाशी मोगरा

"तुमच्या मोगऱ्याला एवढ्या कळ्या आणि आमच्याला नुसता पाला. घालता तरी काय हो?" एप्रिल लागला की हा प्रश्न जिना चढून आमच्या गच्चीवर येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: घालत फारसं काही नाही, उलट काढून घेते.

मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटव्याच्या शेंड्याला. जुनी फांदी वर्षभर हिरवीगार मिरवेल, पण फुलेलच असं नाही. म्हणून डिसेंबर सरत आला की मी पाणी तोडते. जानेवारीत इथली, सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपली की कात्री घेऊन वर जाते, झाड गुडघ्याएवढं छाटते आणि राहिलेली पानंही खुडून टाकते. पहिल्या वर्षी ते बोडकं झाड बघून शेजारच्या अक्का कळवळल्या, "मारलीस की गं झाडाला!" आठ-दहा दिवसांनी माती उकरून दोन ओंजळी शेणखत घालायचं आणि मग पोटभर पाणी. फेब्रुवारीत पोपटी फुटवे येतात, मार्चअखेर त्यांच्या टोकाला कळ्यांचे झुबके.

माती मात्र मी चुकून चुकून शिकले. शेतातली काळी माती कसदार म्हणून नुसती तीच भरली होती. पाणी घातलं की चिखल, वाळली की दगड. दोन रोपं मुळाशी कुजून गेली. आता एक भाग काळी माती, एक भाग शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम. दुसरी भानगड बोअरच्या पाण्याची. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मग झाडांच्या वाट्याला बोअरचंच येतं. त्यातल्या आणि मातीतल्या चुन्यामुळे झाडाला लोह उचलता येत नाही. कोवळं पान उन्हाकडे धरून बघा: पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी विणल्यासारख्या. याला खत कमी पडलं म्हणून युरिया घालू नका. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच.

ऊन रोज सहा तास तरी हवं. सोलापुरात त्याची काय कमी! पण मे महिन्यात त्रेचाळीस अंशांना स्लॅब तापतो, तेव्हा कुंडीतली मुळं शिजतात. कुंडी विटांवर ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळते. कळ्या जांभळट पडून भोक दिसलं की आत अळी आहे, तेवढ्या तोडून टाकायच्या.

फ्लॅटवाले विचारतात, हॉलमध्ये ठेवला तर? माझं मत स्पष्ट आहे: हॉलचा कोपरा मनी प्लँटला द्या. मोगरा तिथं जगेल, लांबुळका होईल, फुलणार नाही. दक्षिणेची किंवा पश्चिमेची गॅलरी असेल तर बारा इंची कुंडीत छान येतो. ग्रिलवर चढवायला जुई घ्या, थंडीत फुलं हवीत तर कुंद. त्याला वास जेमतेम, पण मोगरा उपाशी असतो तेव्हा देवाला फूल मिळतं.

चारच्या सुमाराला टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र झालेल्या कळ्या खुडायच्या, त्या रात्री उमलतात. अक्का त्यांना तेलुगूत मल्लेपूलु म्हणतात. मागावरचा उरलेला सुती दोरा घेऊन पायऱ्यांवर बसतात, सुई न लावता दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, अशी गाठ मारत जातात. बोलता बोलता हातभर गजरा होतो. अर्धा त्यांचा, अर्धा माझा.

तेवढ्या हक्काने त्यांनी एकदा जानेवारीत, मी गावाला गेले असताना, छाटायला ठेवलेल्या झाडाला दया येऊन रोज तांब्याभर पाणी घातलं होतं. त्या वर्षी पाला बघण्यासारखा होता. तेव्हापासून जानेवारीत गच्चीची किल्ली मी माझ्याजवळच ठेवते.