धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया, समुद्रात पोहण्याचा रिले: पुण्याहून निघणाऱ्यांसाठी

पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ करत धरमतरला पोचायला रात्रीचे तीन तास धरा. पोचल्यावर लगेच उडी मारायची नसते. भरती पूर्ण भरून पाणी वळायला लागलं की सुरुवात करायची.

अंतर साधारण 36 किमी. ताशी 3 किमीच्या वेगाने नुसत्या हातांवर 12 तास लागतील. ओहोटीची ओढ मिळाली तरच वेळ कमी होतो. म्हणून तारीख रविवार बघून नको, भरतीचं कोष्टक बघून ठरवा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) ओढ जोरात मिळते, पण उशीर झाला तर तीच भरती उलटी अंगावर येते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस घ्यावेत.

सहा जण, प्रत्येकी एक तास, आणि ठरलेला क्रम मोडायचा नाही. इंग्लिश खाडीच्या रिलेचा हा नियम इथेही पाळलेला बरा. क्रम शेवटाकडून मोजत लावा. नऊ तास धरले तर बंदरातला नववा तास 3 नंबरच्या वाट्याला येतो. फेरीबोटींच्या लाटा, मोठ्या जहाजांची वाट आणि वळलेलं पाणी तिथेच भेटतं. सगळ्यात दमदार पोहणारा तिथे हवा, पहिल्या नंबरला नव्हे.

बदलीचा सराव टँकमध्येच करून ठेवा. पाच मिनिटं आधी पुढचा माणूस टोपी-गॉगल लावून फळीवर बसलेला असतो. सोबतच्या बोटीचा तांडेल (चालक) इंजिन न्यूट्रलला टाकतो, मगच उडी, तीही पोहणाऱ्याच्या मागे. मागून येऊन त्याला ओलांडलं की बदली झाली. पुढे उडी पडली तर बदली बाद धरतात, आणि घाईत अंगावर पडली तर खांदा जातो.

खरी कसोटी मात्र बोटीत बसलेल्या पाच तासांची. हिवाळ्यातही इथलं पाणी फार गार नसतं. ओल्या अंगाला लागणारा वारा गारठवतो. वर आल्यावर दहा मिनिटांत कोरडे कपडे, कानटोपी, आणि थर्मासमधली मीठ घातलेली कोमट पेज. केळं, राजगिऱ्याचा लाडू नंतर. मळमळीची गोळी बोटीत चढण्याआधी तासभर. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. ज्याचा तास संपला त्याने आडवं व्हायचं, पुढच्याला ओरडून प्रोत्साहन देण्याचं काम इतरांचं.

बालेवाडीच्या 50 मीटर तलावात याची तालीम होते: एक तास पोहा, दोन तास ओल्या टॉवेलवर बसा, पुन्हा एक तास. दुसऱ्या तासाचा वेग पहिल्यापेक्षा फार पडत असेल तर अजून महिनाभर थांबा.

काखेत आणि मानेला पेट्रोलियम जेली चोपडा. दाढी आदल्या दिवशी करा. वाढलेले खुंट खांदा सोलतात, ताजी दाढी मिठाने जळते. जेलीफिश लागला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढा.

गेटवेच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. भिंतीला हात लावा, आणि वर चढताना आधी दोन्ही हात टेकवा.