त्या गुरुवारी हॉलमध्ये दोन टेबलं होती

मी स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेसला एका चॅरिटीत एनर्जी ॲडव्हायजर आहे. म्हणजे लोकांची लाइटबिलं वाचून द्यायची, त्यांच्या वतीने कंपनीला फोन लावून बसायचं, कुठली ग्रँट लागू होते ते बघायचं, फॉर्म भरायचे. माझे बाबा पाटणकडे बोर्डात वायरमन होते, रात्री अकरालाही लोक दारात यायचे लाइट गेली म्हणून, आणि मी लहानपणीच ठरवलं होतं की आयुष्यात काहीही करीन पण लाइटबिलाच्या तक्रारी ऐकणार नाही. तर हे असं.

गुरुवार होता, 10 जुलै 2025. ए-नाइन रोडने वर केथनेसच्या बाजूला, स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाकडे, एका गावात आमचा ड्रॉप-इन होता, म्हणजे कोणीही अपॉइंटमेंट न घेता यावं असा, गावाच्या हॉलमध्ये. त्या हॉलचं नवीन किचन पवनचक्क्यांच्या पैशातून झालेलं, तशी पाटीच लावलीय बाहेर. इथे जमिनीवरच्या विंड फार्मवाल्यांनी मेगावॉटमागे वर्षाला 5000 पाउंड आसपासच्या गावांना द्यावेत असं तेव्हा स्कॉटिश सरकारचं म्हणणं होतं, कायदा नाही पण बरेच जण देतात. त्यामुळे या भागात हॉल एकदम चकाचक आणि घरं मात्र गार. खिडकीतून समुद्रात बिअट्रिस नावाच्या विंड फार्मच्या चक्क्या दिसतात, 84 आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांची केबल इकडे येतच नाही, पार पलीकडच्या किनाऱ्याला पोर्टगॉर्डनजवळ उतरते. गावाच्या वाट्याला फक्त बघणं.

त्या दिवशी हॉलमध्ये दोन टेबलं होती. एक माझं, आणि दुसरं भागातल्या आमदारांचं. आमदार म्हणजे एडिनबरोच्या पार्लमेंटातले, एमएसपी म्हणतात त्यांना. जुलैत पार्लमेंटला सुट्टी असते मग ही मंडळी गावोगाव बसतात. नाव, पक्ष काही सांगत नाही, माणूस तसा भला होता, बिस्किटंही त्यांनीच आणलेली.

पहिली आली ती आजी. वय 81, एकटी राहते, नवरा हायड्रोत लाइनमन होता. हायड्रो म्हणजे काय तर 1943 साली टॉम जॉन्स्टन म्हणून स्कॉटलंडचा मंत्री होता, त्याने नॉर्थ ऑफ स्कॉटलंड हायड्रो-इलेक्ट्रिक बोर्ड काढलं, डोंगरातल्या पाण्यावर वीज करायची, दक्षिणेला विकायची आणि त्या पैशातून हायलँड्समधल्या लांबलांबच्या घरांत दिवे लावायचे. पुढे खाजगीकरण झालं, कंपनीची नावं बदलली, पण इथली म्हातारी माणसं अजून हायड्रोच म्हणतात, जसं आपण महावितरण झालं तरी बोर्डच म्हणतो. मी तिला सांगितलं की माझे बाबापण लाइनवर चढायचे, तर तिने पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडे. म्हणाली, मग तुला कळेल.

तिचं प्रकरण आरटीएस मीटरचं होतं, म्हणजे रेडिओच्या सिग्नलवर चालणाऱ्या मीटरचं. हे जरा सांगायलाच हवं कारण मला स्वतःला नोकरी लागेपर्यंत खरं वाटलं नसतं. गॅसची लाइन नसलेल्या गावांत भिंतीला स्टोरेज हीटर असतात, आत विटा असतात, रात्री स्वस्त विजेवर त्या तापवायच्या आणि दिवसभर ऊब घ्यायची. आता रात्रीचा रेट कधी सुरू झाला हे मीटरला कळणार कसं, तर बीबीसीच्या रेडिओ फोरच्या लाँगवेव्हवरून, 198 किलोहर्ट्झ, बातम्या चालू असायच्या त्याच लहरीत एक सिग्नल लपलेला असायचा आणि तो मीटरला सांगायचा की आता हीटर चालू कर. 1980 च्या दशकातलं तंत्र. ते 30 जून 2025 पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं होतं आणि आजीचं मीटर अजून तेच. कंपनीने तीनदा तारीख दिली, तीनदा कोणी आलं नाही. सिग्नल गेला की हीटर एकतर लागणारच नाही किंवा बंदच होणार नाही, दोन्हीत मरण म्हाताऱ्या माणसाचं. शिवाय गरम पाण्याची टाकीही त्याच मीटरवर.

मी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, ते संगीत सुरू झालं. चाळीस मिनिटं तेच संगीत. तेवढ्यात तिने पिशवीतून वही काढली. दर रविवारचं रीडिंग लिहिलेलं, नवरा गेल्यापासून एकही रविवार चुकलेला नाही. आणि वहीत पेपरची कात्रणं. झोनल प्रायसिंगची.

तर हे झोनल प्रकरण तीन वर्षं गाजत होतं. आत्ता पद्धत अशी की सबंध ब्रिटनला विजेचा घाऊक दर एकच, आणि तो बहुतेक वेळा गॅसवरच्या केंद्रांच्या खर्चावर ठरतो. वारा कितीही असो. स्कॉटलंडमध्ये वीज भरपूर, 2022 साली इथल्या वापराच्या 113 टक्के एवढी तर नुसती रिन्यूएबलच झाली होती, पण ती खाली इंग्लंडला न्यायला तारा पुरत नाहीत, मग ग्रीडवाले उत्तरेतल्या चक्क्यांना पैसे देऊन थांबवतात आणि दक्षिणेत गॅसचं केंद्र चालू करायलाही पैसे देतात, आणि दोन्ही पैसे आपल्याच बिलात. वारा सुटलाय आणि पाती उभी, हे इथला माणूस डोळ्याने बघतो, त्यामुळे त्याला ते पटवून देणं फार अवघड. झोनल म्हणजे भागवार वेगळा घाऊक दर ठेवायचा. बाजूने बोलणारे म्हणत होते की स्कॉटलंडची वीज युरोपात सगळ्यात स्वस्त होईल. विरोधातले, त्यात विंड फार्मच्या मोठ्या कंपन्याही, म्हणत होते की गुंतवणूकदार बिचकतील, कर्ज महागेल, शेवटी सगळ्यांचंच बिल वाढेल. मला स्वतःला विचाराल तर दोन्हीकडे थोडं खरं होतं, आणि बाजार स्वस्त झाला तरी आजीच्या बिलापर्यंत किती उतरलं असतं याची मी पैज लावली नसती.

आणि आम्ही होल्डवर असतानाच आमदारांच्या मदतनीस मुलीच्या फोनवर बातमी आली. लंडनमधले एनर्जी मंत्री एड मिलिबँड यांनी झोनल रद्द केलं, देशभर एकच दर राहणार, सुधारणा त्यातच करू. मुलगी मोठ्याने वाचत होती. हॉलमध्ये चहाला आलेली दहाबारा माणसं एकदम गप्प.

आजीने वही मिटली आणि विचारलं, मग माझा स्टँडिंग चार्ज लंडनएवढा होणार का?

आता हे बघा. घाऊक दर देशभर एक, पण तारांचा खर्च भागावर. प्राइस कॅप म्हणजे नियामकाने घालून दिलेली दराची मर्यादा, तिच्यात 14 भाग आहेत आणि वीज वापरा न वापरा रोज द्यायचा तो स्टँडिंग चार्ज प्रत्येक भागात वेगळा. लंडनला दाट वस्ती म्हणून कमी, इथे जास्त. म्हणजे स्वस्त व्हायची वेळ आली की सगळा देश एक, आणि महाग व्हायची वेळ आली की तुमचं गाव लांब. नाही म्हणायला उत्तर स्कॉटलंडच्या तारांचा काही भार देशातले सगळे ग्राहक मिळून उचलतात, तेही खरंय, मी तिला सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलंसुद्धा. वर गॅस नसल्याचा फटका वेगळा. त्या तिमाहीत कॅपचा सरासरी दर विजेला युनिटला 25.7 पेन्सच्या आसपास आणि गॅसला 6.3.

मला त्या क्षणी कोयना आठवली, म्हणजे आठवणारच. 2006-07 च्या लोडशेडिंगमध्ये आम्ही पाटणला मेणबत्तीवर अभ्यास करायचो, धरण हाकेच्या अंतरावर. असो.

आजी उठली आणि सरळ दुसऱ्या टेबलावर गेली. फोन माझ्या हातात, वायर नाही काही नाही, मीपण मागे गेले. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं पण तिचा सूर असा होता की मी इथे तू-च लिहिते.

आमदार म्हणाले, अतिशय निराशाजनक निर्णय आहे, पण वीज हा विषय लंडनच्या ताब्यात आहे, आमच्या हातात नाही.

हे खोटं नाही. 1998 च्या स्कॉटलंड ॲक्टमध्ये विजेचा बाजार, दर, नियामक हे सगळं लंडनने स्वतःकडे ठेवलंय.

आजी म्हणाली, डोंगरावरच्या चक्क्यांना परवानगी कोणी दिली?

आमदार म्हणाले, ती आम्ही. म्हणजे 50 मेगावॉटच्या वरच्या प्रकल्पांना स्कॉटिश मंत्री देतात.

मग ती जे बोलली ते मी अजून विसरले नाही. म्हणाली, 2017 ला ग्लासगोला पक्षाच्या अधिवेशनात निकोला स्टर्जन, तेव्हाची तुमची फर्स्ट मिनिस्टर, म्हणाली होती की सरकारी वीज कंपनी काढू, नफा न घेता वीज विकू, 2021 पर्यंत. मी वाट बघत होते. माझा नवरा पण बघत होता, तो 2020 ला गेला. ती कंपनी पण लंडनने अडवली का?

आमदार म्हणाले, कोविड आला, परिस्थिती बदलली.

आणि समुद्र भाड्याने दिलास त्याचे पैसे? (स्कॉटविंडचे, म्हणजे समुद्रात पवनचक्क्यांसाठी जागा भाड्याने दिल्या त्याचे, जानेवारी 2022, सातशे मिलियन पाउंडांच्या आसपास. सप्टेंबर 2024 मध्ये अर्थमंत्री शोना रॉबिसन यांनी बजेटचा खड्डा बुजवायला त्यातले 460 मिलियनपर्यंत वापरू असं सांगितलं होतं, नंतर तो आकडा बदलला, पण आजीच्या वहीत कात्रण पहिलंच होतं.)

इथपर्यंत ठीक होतं. मग ती माझ्याकडे वळली. पोरी, तू सांग याला. माझ्या भिंतींना इन्सुलेशन करायचा अर्ज कोणाकडे जातो, लंडनला की एडिनबरोला?

आता चॅरिटीचा नियम असा की राजकारणात पडायचं नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. पण हा प्रश्न राजकारणाचा नव्हता हो, माझ्या कामाचा होता, फॉर्मवरचा पत्ताच विचारत होती ती. मी म्हणलं, एडिनबरोकडे. इन्सुलेशन, हीटर बदलणं, फ्युएल पॉव्हर्टी, हे सगळं एडिनबरोकडे येतं. आणि तोंडातून पुढचंही निघून गेलं की 2019 चा कायदा तिथलाच आहे, 2040 पर्यंत घर तापवणं न परवडणारी कुटुंबं पाच टक्क्यांच्या आत आणू म्हणून, आणि 2023 च्या सर्व्हेत ती 34 टक्के होती.

आमदारांचे कान लाल झाले. मला वाईट वाटलं कारण 2022 ला दर वाढले ते काही त्यांनी वाढवले नव्हते, आणि तेच म्हणाले ते, की दर लंडनचा असताना आम्ही भिंती किती जाड करणार? हा मुद्दा चूक नाही. पण आजीचा अर्ज मार्चमध्ये दिलेला, एकदा सर्व्हेला माणूस येऊन टॉर्च मारून गेला आणि त्यानंतर काहीच नाही, याचं उत्तर त्या मुद्द्यात कुठे नव्हतं. चक्क्या किती उभ्या राहिल्या हे सांगताना आम्ही, आणि बिल आलं की लंडन. लंडनवालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत, नव्या टॉवरलाइनपासून 500 मीटरच्या आतल्या घरांना वर्षाला 250 पाउंड सूट देऊ म्हणाले मार्चमध्ये, आजीचं घर चक्क्यांच्या पायथ्याशी पण टॉवरपासून लांब, म्हणून शून्य.

तेवढ्यात माझ्या हातातल्या फोनमधून आवाज आला, हॅलो, हाऊ कॅन आय हेल्प? सगळा हॉल हसला. आमदारसुद्धा. मी धावत टेबलाकडे गेले, अकाउंट नंबर, पत्ता, तीन हुकलेल्या तारखा, नुकसानभरपाई, सगळं एका दमात सांगितलं आणि 24 जुलैची तारीख घेतली. आजीने ती वहीत लिहिली आणि समोर प्रश्नचिन्ह काढलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावलं. कोणीतरी फोन केला होता म्हणे. मी काय बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली आणि म्हणाली, आकडा बरोबर आहे ना? मी म्हणलं हो. मग पुढच्या वेळी आकडा समोरच्याने विचारला तरच सांग, म्हणाली.

24 तारखेला माणूस खरंच आला, मीटर बदललं. ऑगस्टच्या मध्यावर आजीने मला आमदारांचं पत्र वाचून दाखवलं फोनवर. पहिले तीन परिच्छेद झोनल प्रायसिंग आणि लंडन सरकार. शेवटच्या ओळीत, आपला इन्सुलेशनचा अर्ज संबंधित स्कीमकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवत आहोत. मी विचारलं, कुठला अर्ज पाठवला त्यांनी? तर म्हणाली, तूच भरलेला, मार्चमधला, त्याचीच झेरॉक्स जोडलीय, खाली तुझी सही आहे.